'मला ओळखलं का?' असं विचारू नका: स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी सांभाळताना

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी पाहुणा आला की चपला काढता काढताच माझ्या सासूबाईंना विचारायचा, "काय काकी, वळखलासा काय मला?" आत्या (आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामाच म्हणतात) पदर सावरून हसायच्या. "न वळखायला काय झालं? चा घेतल्याबिगर जायचं न्हाई." पाहुणा खूश. तो गल्लीच्या टोकाला पोचला की माझा हात धरून त्या हळूच विचारायच्या, "कोण हुतं गं?" तोवर पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी झालेली असायची.

पाहुण्याच्या मनात वाईट काही नसायचं. पण त्यानं सगळ्यांदेखत तोंडी परीक्षा घेतलेली असायची आणि नापास होऊ नये म्हणून आत्यांनी होती नव्हती ती शक्ती लावलेली असायची. सात वर्षं त्यांना सांभाळलं त्यात मला कळलं ते एवढंच, की विसरणं माणूस कसंबसं सोसतो, पण विसरलेलं चारचौघांत उघडं पडलं की मोडतो. चिडचिड, आंघोळीला नकार, ताट ढकलून देणं, यातलं बरंचसं त्या लाजेपोटी येतं. ती लाज त्यांच्या वाट्याला येऊ नये म्हणून काय काय करता येतं, ते नव्यानं या वाटेवर आलेल्यांसाठी लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा शब्द त्यांचाच.

पाहुण्यांपासूनच सुरुवात करा. दारातच सांगून ठेवा की आत गेल्यावर स्वतःचं नाव आणि नातं आधी सांगायचं: "काकी, मी तुमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, इचलकरंजीवरनं आलोय." ओळखलं का, काल काय खाल्लं, आज वार कोणता, असले प्रश्न बंद. काहींना हे सांगितलेलं आवडत नाही. न आवडू दे.

तपासणी, आणि तीही नीट

"साठी बुद्धी नाठी" किंवा "म्हातारचळ लागलाय" म्हणून सोडून देऊ नका. स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचा भाग नाही, आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात साठीपुढच्या शंभर जणांत सातांहून अधिकांना तो असतो, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या त्रासानं होणारा प्रकारही आपल्याकडं भरपूर, विशेषतः वर्षानुवर्षं बीपी आणि साखर अंगावर काढलेल्यांत.

तपासणी करायची ती आणखी एका कारणासाठी. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड मंदावणं, रक्तातलं सोडियम उतरणं, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात साचलेलं रक्त, काही औषधांचा परिणाम, यांनीही माणूस विसरभोळा आणि गोंधळलेला होतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज असतो. कानात मळ आणि डोळ्यांत मोतीबिंदू असला तरी घरच्यांना वाटतं की समजेनासं झालंय. गोंधळ एक-दोन दिवसांतच अचानक वाढला तर तो स्मृतिभ्रंश वाढला असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, ताप, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं यांपैकी काहीतरी असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ, दोघांपैकी कोणाकडंही जाता येतं. खासगी परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या, आमच्याकडं सीपीआरच्या, ओपीडीत चौकशी करा. जाताना मी केलेली चूक करू नका. एका दवाखान्यात मी आत्यांच्या शेजारी बसून त्यांच्या चुकांचा पाढा वाचला: गॅस चालू ठेवतात, पैसे कुठंतरी लपवतात, परवा अंथरूण ओलं केलं. डॉक्टर माझ्याकडं बघत लिहीत होते आणि आत्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होत्या. परत येताना रिक्षात त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या वेळेपासून मी सगळं कागदावर लिहून तो आधी आत पाठवायला लागले. खुर्चीही अशी ठेवायची की डॉक्टरांसमोर आत्या येतील, मी नाही. प्रश्न त्यांना विचारला जाऊ दे, उत्तर त्यांना देऊ दे, उशीर लागला तरी.

सही चालते तोवर

सुरुवातीच्या काळात माणसाला आपल्याला काय होतंय हे बरंचसं कळत असतं. तेव्हाच विचारा: पैशाचं कोणी बघायचं, दवाखान्याचा निर्णय कोणी घ्यायचा, रात्री जवळ कोण हवं, कोण नको. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे आपल्या उपचाराबाबत बोलायला एक प्रतिनिधी नेमता येतो. त्यासाठी साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. पुढं आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे नकोत हेही त्याच कायद्याखाली आधी लिहून ठेवता येतं.

मुखत्यारपत्रावर मात्र विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यानं साधं मुखत्यारपत्र संपतं, आणि हे बऱ्याच जणांना बँकेच्या काउंटरवर कळतं. खातं संयुक्त करणं, वारस नोंदवणं, मृत्युपत्र करणं हे सगळं लवकर, वकिलाला विचारून आणि त्या माणसाला समोर बसवून करा. मृत्युपत्राच्या वेळी समज शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडून ठेवला तर पुढची भांडणं वाचतात. निजलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा शाईत बुडवताना मी एका घरात पाहिलंय. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

एक वही

शंभर पानी वही घ्या आणि त्यात माणूस लिहून काढा. आजार नको, माणूस. आमच्या वहीचं पहिलं पान असं होतं: "हाक: आत्या किंवा काकी. 'आजी' म्हटलेलं आवडत नाही. चहा बशीतून, साखर दीड चमचा. उजव्या कुशीवर झोपतात. डाव्या कानाला ऐकू येत नाही. मंगळवारी-शुक्रवारी अंबाबाईला जायच्या, त्या दिवशी सकाळी आवरायची घाई करतात, थांबवू नका. आंघोळीआधी कुणी शिवलेलं चालत नाही. मामांचं गुजरीत (सराफ बाजारात) दुकान होतं, दागिन्याची पारख आहे."

बाहेरची कोणीही सांभाळायला आली की आधी ही वही वाचायची. आणि त्यातल्या एकेका ओळीला काम लावायचं. आत्यांच्या गळ्यात लग्नापासून कोल्हापुरी साज. तो हरवेल म्हणून नणंदेनं काढून घेतला, तेव्हा आत्या चार दिवस गळा चाचपत फिरल्या. मग खरा साज लॉकरमध्ये ठेवला आणि तसाच बेन्टेक्सचा आणून घातला. फसवणूक म्हणा हवं तर. पोटच्या मुलीचं नाव न आठवणाऱ्या आत्या डोळे मिटून पानड्या चाचपायच्या आणि सांगायच्या, हा मासा, हे कासव, हे बेलपान. दुपारचा एक तास त्यात आरामात जायचा, आणि त्या तासात शिकवणाऱ्या त्या असायच्या, ऐकणारे आम्ही.

पैलवान असेल तर तालीम, शिक्षक असेल तर तपासायला वह्या, शेतकरी असेल तर शेंगा फोडायला द्या. भाजी निवडायला दिलीत आणि ती वेडीवाकडी निवडली गेली, तर त्यांच्यादेखत पुन्हा निवडू नका.

बोलणं

मराठीत मान कुठं आहे हे क्रियापदाला विचारावं. आजारपण आलं की लोक नकळत "बसा" वरून "बस" वर येतात. वडिलांना जन्मभर अहोजाहो केलेला मुलगा "ए, तिकडं नको जाऊ" म्हणतो. सांभाळणारी बाई "बाळा, आ कर" म्हणते. आयुष्यभर एकेरीच असेल तर एकेरी ठेवा, पण जे होतं ते उतरवू नका. टॉम किटवूड नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात अशा वागण्याची यादीच केली होती: लहान मुलासारखं वागवणं, घाई करणं, दोष देणं, समोर असताना नसल्यासारखं बोलणं. त्याचं म्हणणं असं की हे करणारी माणसं दुष्ट नसतात, बहुतेक वेळा प्रेमळच असतात. यादी वाचताना मला प्रत्येक ओळीत मी दिसत होते.

समोरून या, पाठीमागून हात लावू नका. डोळ्यांच्या पातळीला बसा. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा आणि थांबा. हे थांबणं अवघड असतं; मनात दहापर्यंत मोजा. दोनच पर्याय द्या, तेही दाखवून: "हिरवं नेसताय का हे निळं?" "मघाशीच सांगितलं की" हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्यांच्या डोक्यावरून "आज शी झाली का त्यांना?" असं विचारायचं नाही. विचारायचंच असेल तर दुसऱ्या खोलीत जा.

आंघोळ आणि संडास

खरी कसोटी इथं लागते. दुसऱ्यासमोर उघडं होणं कुणालाच सोपं नसतं, आणि हा दुसरा कोण हे आठवत नसेल तर तो हल्लाच वाटतो. ओरडणं, बोचकारणं, मारणं हे बहुतेक वेळा इथंच घडतं.

आधी सगळं हाताशी घ्या: पाणी, साबण, टॉवेल, धुतलेले कपडे नेसायच्या क्रमानं. न्हाणीघरात पाय घसरणार नाही अशी चटई, पाठ टेकायची प्लॅस्टिकची खुर्ची, भिंतीला घट्ट धरायला दांडी. पाणी आपल्या कोपरावर तपासा. मग जुनं मऊ लुगडं किंवा मोठा टॉवेल खांद्यावरून पांघरा आणि तो अंगावर असतानाच आंघोळ घाला. भिजला तर भिजू दे. पाणी पायांपासून सुरू करा. डोक्यावर एकदम तांब्या ओतला की माणूस दचकतो, केस वेगळ्या दिवशी धुवा. प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा: "आता पाठ चोळते हं." एक तांब्या त्यांच्या हातात द्या. जेवढं त्या स्वतः धुतील तेवढं धुवू द्या, विशेषतः मांड्यांमधलं, आणि आपण तेव्हा मान वळवून साबण शोधायचं नाटक करायचं.

नको म्हणाल्या तर ओढू नका. अर्ध्या तासानं पुन्हा विचारा, शब्द बदलून. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा आपला हट्ट असतो. आठवड्यातून दोन-तीन आंघोळी आणि बाकी दिवस कोमट पाण्यानं अंग पुसलं तरी चालतं. आमच्या शेजारी एक जुने वस्ताद होते. ते सदऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. नातवानं एके दिवशी तेलाची वाटी पुढं केली आणि म्हणाला, "वस्ताद, जोर झालं, आता अंग धुवायचं." वस्ताद स्वतः उठले. मुलानं आईचं किंवा सुनेनं सासऱ्याचं करायची वेळ आली तर आधी दुसरी सोय शोधा, पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई. नाहीच मिळाली तर वरची पांघरायची युक्ती अजून जास्त कामाला येते.

संडासचं दार उघडं ठेवा आणि आतला दिवा रात्रभर लावा. दिसलं की आठवतं. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड त्यांना दिसतच नाही, म्हणून सीट लाल किंवा निळी बसवा. दर दोन तासांनी, आणि चहा-जेवणानंतर, "चला, जरा फिरून येऊ" म्हणत तिकडं न्या. नेसूची ओढाताण, उगाच येरझाऱ्या ही त्यांची खूण असते. पुरुषांच्या पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक घाला. बायकांच्या अंगात मात्र सोय म्हणून लगेच गाऊन चढवू नका. जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला गाऊनमध्ये चारचौघांत बसवणं म्हणजे तिला उघडंच बसवणं. शिवलेली नऊवारी बाजारात मिळते, शिंप्याकडून पुढून उघडणारी करून घेता येते. आमची चार वर्षं त्यावर गेली.

कपडे ओले झाले तर "पाणी सांडलं वाटतं, बदलू या" एवढंच म्हणा. नाकाला पदर लावू नका. वास येतोच, तोंडानं श्वास घ्या. डायपर लागायला लागले की घरात तो शब्द वापरू नका, "आतली चड्डी" म्हणा. पाकीट दर्शनी कपाटावर ठेवू नका.

ताट

चकाकत्या स्टीलच्या ताटात पांढरा भात आणि त्यावर पांढरा रस्सा, हे त्यांना नीट दिसत नाही. एकाच गडद रंगाची, नक्षी नसलेली प्लेट घ्या. (तांबडा रस्सा दिसतो, म्हणून तोच रोज द्यावा असं आमच्या ह्यांचं मत होतं.) एका वेळी एक-दोनच पदार्थ वाढा. भाकरी कुस्करून द्या किंवा हातात धरायला चतकोर द्या. हातानं जेवणाऱ्याला चमच्यानं भरवायची घाई नको, सांडलं तर खाली कागद घाला. सगळ्यांबरोबर पंगतीला बसवा. गिळताना ठसका लागायला लागला, आवाज ओलसर यायला लागला, तर ताठ बसवून द्या आणि डॉक्टरांना लगेच सांगा.

"मी घरला जातो"

तिन्हीसांजा झाल्या की आत्यांची तगमग सुरू व्हायची. "मी घरला जातो, आई वाट बघत असंल." हे घर म्हणजे कागलचं माहेर, सत्तर वर्षांपूर्वीचं. "हेच तुमचं घर" असं शंभरदा सांगून काही उपयोग झाला नाही. मग मी पिशवी घेऊन बरोबर निघायला लागले. वाटेत विचारायचं, आई काय करून ठेवणार, विहीर कुठल्या बाजूला होती. गल्लीला वळसा घालून आलो की पाय दुखायचे आणि मग "बस जरा हितंच" यायचं. अंधार पडायच्या आत घरातले सगळे दिवे लावले तरी फरक पडतो. सकाळी रंकाळ्यावर अर्धा तास चालवून आणलं तर संध्याकाळ आणखी सोपी जाते.

एकट्या बाहेर पडतील हे गृहीत धरा. सदऱ्याच्या किंवा पोलक्याच्या आतून एक कापडी पट्टी शिवा: नाव आणि दोन मोबाइल नंबर, बाकी काही नाही. गळ्यात पाटी अडकवू नका. किराणावाला, रिक्षा स्टॉप, तालमीतली पोरं यांना सांगून ठेवा, आणि काय म्हणायचं तेही सांगा: "काकी, चहा घेऊ चला", हात धरून ओढायचं नाही. आमच्या तालमीतल्या पोरांनी आत्यांना तीनदा परत आणलं, एकदा तर मोटरसायकलवर बसवून. त्या दिवशी त्या फार खुशीत होत्या. घरात कोंडून, बाहेरून कुलूप लावून जाऊ नका; आग लागली तर काय? खाटेला बांधणं तर नाहीच. सापडत नसतील तर रात्रीपर्यंत थांबू नका, ११२ ला फोन करा. गणपतीच्या विसर्जनाला महाद्वार रोडच्या आसपास राहत असाल तर ते दोन दिवस गावाकडं काढा. डॉल्बीनं धडधाकट माणसाची छाती हादरते.

खोटं बोलावं का

"हे कुठं गेलं?" आत्या विचारायच्या. मामांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. पहिल्यांदा मी खरं सांगितलं. त्या अशा रडल्या जणू आत्ताच निरोप आलाय. दोन तासांनी पुन्हा विचारलं. दररोज विधवा करायचं का एका बाईला? मग मी खोटंही बोलले नाही आणि खरंही नाही. "मामांची आठवण आली होय? दुकानात ते काय काय करायचे हो?" असं म्हटलं की गाडी गुजरीत जायची.

पण कपाळाचं काय? आत्या सकाळी आरशापुढं बसून कुंकू लावायला लागल्या. घरात कुजबुज सुरू झाली. एका जाऊबाईंनी ते पुसायला हात पुढं केला तेव्हा मी पहिल्यांदा आवाज चढवला. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ती बातमी मी त्या जाऊबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. आमच्या घरात तो ठराव आत्यांच्या विसरण्यानं त्याआधीच मंजूर केला होता.

फोटोचंही इथंच सांगते. गोंधळलेल्या माणसाचा मजेशीर व्हिडिओ स्टेटसला टाकू नका. त्यांना कळणार नाही म्हणून तर मुळीच नाही.

दुसरे हात

एकट्यानं होत नाही. मावशी ठेवायची तर पहिले चार दिवस घरचं माणूस बरोबर हवं. कॅमेरा लावलात तर मावशींना सांगून लावा, आणि न्हाणीघरात, कपडे बदलायच्या जागी नाही. रात्र रात्र जागरण व्हायला लागलं की झोपेची गोळी दुकानातून परस्पर आणायचा मोह होतो. आणू नका. मन शांत करणाऱ्या काही औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. ती फक्त डॉक्टर ठरवतील तेव्हा, तेवढ्याच दिवसांसाठी. गोळी गुपचूप जेवणात मिसळण्याआधीही डॉक्टरांना विचारा.

आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कुणाकडं तरी सोपवून तुम्ही घराबाहेर पडा. मी एकदा चिडून आत्यांचा हात झटकला होता आणि त्यांच्या मनगटावर बांगडीचा ओरखडा उठला. तो दिवस येण्याआधी बाहेर पडा. नुसतं बोलायला कुणी हवं असेल तर टेली मानस १४४१६ वर, आणि ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७ वर फोन करता येतो. दोन्ही मोफत.

अंथरूण धरल्यावर

बोलणं थांबतं. मग खोलीत येणारे लोक दार न वाजवता शिरतात, अंगावरून गप्पा मारतात, टीव्हीचा आवाज वाढवतात. दार वाजवा, नाव सांगा, काय करणार ते सांगा. दर दोन तासांनी कूस बदला. टाचा, माकडहाड, खुबे रोज तपासा, लाली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. ओल्या मऊ कापडानं तोंड आतून पुसा, ओठांना तूप लावा. पुसताना, बदलताना दार लावा आणि जेवढा भाग लागेल तेवढाच उघडा करा, घरात दुसरं कोणी नसलं तरी.

केस कापून टाकायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, सोपं पडतं म्हणून. आत्यांच्या कमरेपर्यंतच्या केसांचा आम्ही अंबाडाच ठेवला. कुशीवर निजवून खोबरेल तेल लावायचं, खालून वर गुंता सोडवायचा, मग विंचरून सैल वेणी; अर्धा तास जायचा. मला वेळ नसेल त्या दिवशी समोरच्या वैनी येऊन घालायच्या आणि गल्लीतल्या सगळ्या बातम्या त्यांच्या उजव्या कानाशी सांगून जायच्या.